यंत्राआधी निद्रा-चाचणी हवी

संपादक महोदय,

हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाचा श्वास झोपेत थांबतो म्हटले की लगेच यंत्र सुचवले जाते. आधी रात्रभराच्या निद्रा-चाचणीत प्रकार ठरवा. घसा मिटून श्वास अडत असेल तर सीपॅप (मास्कमधून सतत हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र) उपयोगी. मात्र मास्क सैल बसला की हवा गळते, पुरेसा दाब मिळत नाही आणि यंत्र कपाटात जाते.

मेंदूकडून श्वासाचा आदेशच खंडित होत असेल, तर प्रथम हृदयाची औषधे नीट बसवावीत. शरीरात साचलेले पाणी उतरले की श्वासही पुष्कळदा सुधारतो. या प्रकारात इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाच्या डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते तो आकडा) ४५ टक्के किंवा त्याहून कमी असल्यास एएसव्ही यंत्र (रुग्णाच्या श्वासानुसार हवेचा दाब आपोआप कमी-जास्त करणारे) टाळावे: २०१५च्या सर्व्ह-एचएफ या अशा रुग्णांवरील वैद्यकीय अभ्यासात त्याने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. इको (हृदयाची सोनोग्राफी) अहवालातला हा आकडा न पाहता यंत्र लिहून देणे आम्हाला बेजबाबदार वाटते.

– निद्राविकारांवर उपचार करणारे काही डॉक्टर