तीन पुस्तकं

प्रिय सुध्या,

चौदा महिने झाले, मोजलेत मी. तुझ्या मागच्या पत्राखाली नेहमीसारखा प्रश्न होता: ताऱ्याताऱ्यांमधल्या अंतरावरून क्षणात बोलता येणारं ते यंत्र, 'अ‍ॅन्सिबल', हा शब्द पहिल्यांदा कुठे आला? मी लगेच 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस', १९६९ असं ठोकून पाकीट चिकटवलंसुद्धा. मग शंका आली. फोनमध्ये बघायचं नाही हा आपला नियम, आणि आठवत तर काही नव्हतं. पाकीट टेबलावर पडून राहिलं, त्यावर बिलं साठली. शेवटी परवा चोरून पाहिलं. 'रोकॅनन्स वर्ल्ड', १९६६. अर्धा गुणही देऊ नकोस.

तब्येत ठीक. एक गोळी वाढली, दोन किलो वाढले.

पण आज लिहायला बसलोय ते त्यासाठी नाही. झालंय असं, की ते घरात सांगितलं तर "एवढंच ना?" म्हणतील. आणि ते खरंही आहे.

गेल्या रविवारी आमच्या वाचनगटाने विज्ञानकथांची प्रश्नमंजूषा ठेवली होती. प्रश्न काढायचे आणि गुण द्यायचे अधिकार माझ्याकडे, म्हणजे माकडाच्या हातात कोलीतच. पहिल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. चापेकच्या नाटकातले रोबो कशाचे, या प्रश्नावर चारही संघ 'लोखंडाचे' म्हणून आपटले. (जाड्या आठवला. "मग गंजत कसे नाहीत?" म्हणून भांडला होता बिचारा.) नेमोच्या पाणबुडीचे वीस हजार लीग हे अंतर की खोली, यावर तिघे बुडाले. मी खुशीत होतो. तिसऱ्या फेरीत हुकमाचं पान काढलं: वेल्सच्या 'द टाइम मशीन'मध्ये कालप्रवासी दुसऱ्यांदा निघतो, तेव्हा सोबत किती पुस्तकं नेतो?

तू आत्ता 'तीन' म्हणालास. ऐकू आलं मला.

मागच्या बाकावरची एक मुलगी, असेल विशीची, म्हणाली, "एकही नाही, काका. एका काखेत कॅमेरा, दुसऱ्या काखेत पिशवी."

आणि सुध्या, मी हसलो. नुसता हसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. "बाळ, पुस्तक एकदा नीट वाच आणि मग ये," असं वर म्हणालो. लोकही हसले. तिचा संघ एका गुणाने हरला. तिने वाद घातला नाही, फक्त पाहिलं माझ्याकडे. आप्पा एखाद्या शब्दाची भलतीच व्युत्पत्ती ठासून सांगायचे तेव्हा आपण दोघं जसं पाहायचो ना, अगदी तसं.

घरी येऊन पुस्तक काढलं, तेच आपलं, अर्ध्या-अर्ध्या पैशातलं. पाठीवरचं कापड सुटलंय, आतला डिंक बिस्किटासारखा कुरकुरतो. शेवटाकडे गेलो, तर शेवट नाहीच! कालप्रवासी परत आलाय, जेवणानंतर धूम्रपानाच्या खोलीत बसून हकीकत सांगतोय, आणि वाक्याच्या मध्येच मलपृष्ठ. शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, गळालेला. शिलाईचा दोरा तेवढा लोंबतोय, त्याला कागदाचा नखाएवढा कपटा.

मग सगळं आठवलं. फर्मा तेव्हाही नव्हता! विकत घेतलं तेव्हाच नव्हता. मी चिडलो होतो, आणि तू म्हणालास, "अरे, मी वाचलंय, शेवट मी सांगतो." दिवे गेलेले, आपण गच्चीवर, आणि तू तासभर सांगत बसलास. तो पुन्हा कसा गेला, घरातल्यांनी पुस्तकांच्या कपाटाकडे कसं पाहिलं, तीन पुस्तकांच्या जागा रिकाम्या, आणि मग तो मित्र विचारतो, तुम्ही असता तर कोणती तीन नेली असती? माझ्या अंगावर काटा आला होता. आजवर कोणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगायचो की तो शेवट वाचताना काटा आला होता. वाचताना!

दुसऱ्या दिवशी नवी प्रत आणून उरलेली पानं वाचली. कॅमेरा आणि पिशवी. पोरीचा शब्द न् शब्द बरोबर. तीन पुस्तकं आहेत १९६०च्या सिनेमात, जो मी आजतागायत पाहिलेला नाही.

आता तूच सांग, 'शनी की गुरू'वरून आठ महिने अबोला कोणी धरला होता? क्लार्कच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८च्या कादंबरीत यान शनीकडे जातं, त्याच साली आलेल्या सिनेमात गुरूपाशीच थांबतं. मी सिनेमा पाहून गुरू म्हणालो तर तू मला काय काय बोललास! "प्रश्न पुस्तकावर, पडद्यावर नाही" हा नियम कोणाचा? वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने कोणी लिहिला? व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनला 'डॉक्टर' म्हटलं म्हणून अन्याचे दोन गुण कोणी कापले? "पुस्तकात तो साधा विद्यार्थी आहे" म्हणे. आणि त्याच महाराजांनी मला सिनेमाचा शेवट वेल्सच्या नावावर खपवला.

रागावलेलो नाही. म्हणजे मंगळवारपर्यंत होतो. आता मला छळतंय ते वेगळंच. मधलं सगळं तर मी स्वतः वाचलं होतं. वणव्याच्या रात्री वीना, त्याची भविष्यातली मैत्रीण, गेली, हे वाचून मी दोन दिवस तोंड पाडून हिंडत होतो, तूच साक्षीदार. मग तो तीन पुस्तकं घेऊन कोणासाठी परत गेला? सिनेमातली वीना जिवंत राहते, म्हणून तिथे ते शोभतं. आणि भविष्यातल्या त्या हिरव्या चिनी मातीच्या महालात पुस्तकांच्या पार चिंध्या होऊन लोंबताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. असा माणूस सन ८,०२,७०१ मध्ये पुस्तकं कशाला नेईल? इतक्या वर्षांत एकदाही हा प्रश्न मला पडला नाही. दुसऱ्यांच्या कथांमधली भोकं शोधत हिंडणारा मी!

म्हणून आता एकेक पुस्तक काढून स्वतःला विचारतोय: हे मी वाचलंय, की सुध्याने सांगितलंय? 'सोलारिस'मधला तो समुद्र मला इतका स्पष्ट दिसतो की भीती वाटते. समुद्र लेमचा असेल, पण आवाज तुझा येतो. काल रात्री अडीचला उठून असिमॉव्हच्या 'फाउंडेशन' मालिकेत भविष्य सांगणाऱ्या सेल्डनचं गणित म्यूल या पात्रापाशी नक्की कसं फसतं ते तपासलं. ते मी वाचलं होतं. पेन्सिलीच्या खुणा सापडल्या, तेव्हा कुठे झोप लागली.

खरा शेवट जास्त चांगला आहे, हे सांगितलंच पाहिजे. पहिल्या वेळी पुरावा म्हणून खिशात उरतात वीनाने कोंबलेली दोन पांढरी फुलं, म्हणून दुसऱ्या वेळी कॅमेरा. कोणाचा उद्धार करायला नाही, फक्त 'खरं बोलत होतो' हे दाखवायला निघालाय माणूस. "मला अर्धा तास पुरे," म्हणतो, पाहुण्याला मासिकं चाळायला सांगतो, आणि गुप्त होतो. तीन वर्षं झाली तरी परत आलेला नसतो. हे तू मला का नाही सांगितलंस? की तुलाही माहीत नव्हतं?

तरी 'कोणती तीन' या खेळावर आपण किती रात्री घालवल्या ते आठवलं की तुझी थाप मोडवत नाही. माझा शब्दकोश, माझं वैद्यकाचं पुस्तक, आणि दर वर्षी बदलणारं तिसरं. तुझं तिसरं तू कधीच सांगितलं नाहीस. "वेळ आली की" म्हणायचास.

त्या मुलीला अजून काही बोललो नाही. येत्या रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे आणि संघाचा गुण परत देणार आहे. दोन वाक्यं तयार केली होती, पण त्यात "माझ्या एका मित्राने" असं आलं, म्हणून खोडली. हसलो तर मीच होतो.

मुलीचं लग्न ठरल्याचं वहिनींच्या निरोपावरून कळलं. अभिनंदन, सविस्तर पुढच्या पत्रात. गुडघ्याचं एकदाचं काय ते ठरव. नव्या घराचा पत्ता पाकिटावर बरोबर पडलाय ना?

तुझा,
बाळ्या

ता. क. या वेळचा प्रश्न. गुण दहा, फोनमध्ये बघायचं नाही, वहिनींना विचारायचं नाही: ते पुस्तक तू तरी शेवटपर्यंत वाचलं होतंस का?