आंध म्हणजे अंध नाही हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या मेळाव्याची बातमी आली, आनंद झाला, पण हेडिंगमधे छापलंय 'अंध समाजाचा मेळावा'. सकाळपासून दोघांनी फोन करून विचारलं की नेत्रदानाचा कार्यक्रम होता का.

आम्ही आंध. आ ला काना आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत अगदी पहिलंच नाव आमचं, तेलंगणातल्या यादीत पण 'आंध, साधू आंध' असं पहिल्याच नंबरला आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४ लाख ७० हजारांच्या वर लोक मोजले गेले, हिंगोली, नांदेड, परभणी, यवतमाळ, किनवट-माहूरपासून कळमनुरीपर्यंत गावंच्या गावं आहेत, तरी पुण्यात नाव सांगितलं की समोरचा आधी डोळ्यांकडे बघतो. माझ्या पुतणीला कॉलेजच्या ॲडमिशनला खिडकीवर दिव्यांगाचं सर्टिफिकेट मागितलं, पोरगी रडवेली होऊन बाहेर आली. इंग्रजीत तर विचारूच नका, आंध आणि अंध दोन्हीचं स्पेलिंग एकच, मोबाईलवर टाईप केलं की तो पण काना खाऊन टाकतो, आणि एकदा कागदावर 'अंध' लागलं की ते दुरुस्त करायला किती चकरा होतात ते ज्याच्यावर येतं त्यालाच माहीत.

दुसरा घोळ आंध्रचा. 'तुम्ही तिकडून आलात का, तेलुगू येतं का' हे नेहमीचं. आमच्या घरात मराठीच बोलतात, आमच्या ढंगाची. पुराणांत सातवाहन राजांना आंध्र म्हटलंय आणि त्यांची राजधानी पैठण, आमच्यापासून फार लांब नाही, म्हणून आमची म्हातारी माणसं आपलं नातं त्यांच्याशी सांगतात. सातवाहनांनी स्वतःच्या शिलालेखांत मात्र स्वतःला आंध्र म्हटलेलं नाही, त्यामुळे मी त्यावर भांडत नाही. पण आजोबा हे सांगताना ताठ बसायचे ते मला अजून दिसतं.

दृष्टी नसणाऱ्यांबद्दल मला कमीपणा वाटतो असं अजिबात नाही, त्यांचा शब्द त्यांचा, आमचं नाव आमचं. तर चूक दुरुस्तीच्या चौकटीत 'आंध' असं नीट छापा, आणि तुमच्या डेस्कवरच्या लोकांना सांगून ठेवा, पुढच्या महिन्यात आमच्याकडे अजून एक मेळावा आहे.

आपला,
एक आंध वाचक, ता. कळमनुरी, जि. हिंगोली