सही अजून का केली नाही

ती. बाबा, साष्टांग नमस्कार, आईलाही.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात आठ महिने बघताय, आवडलाय ना प्लॉट मग देऊन टाका पैसे, तेव्हा मी नुसतं हो हो केलं. फोनवर नीट सांगता येत नव्हतं म्हणून आज बसून लिहितेय.

जागा मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटच्या पुढे आहे. एस्टेटच्या ऑफिसात मोठं मॉडेल ठेवलंय, तलाव, शाळा, झाडं, बघितलं की कुणालाही वाटेल आजच सही करावी. पण आमची कन्व्हेयन्सर, म्हणजे खरेदीचे कागद तपासणारी, लायसन असतं त्यांना, ती म्हणाली मॉडेल राहू दे, आधी सेक्शन ३२ वाचा. इथे व्हिक्टोरिया राज्यात १९६२ च्या सेल ऑफ लँड कायद्याप्रमाणे विकणाऱ्याला सहीच्या आधी हे स्टेटमेंट द्यावंच लागतं, त्यात टायटल म्हणजे मालकी, बोजा, झोनिंग, रेट्स म्हणजे घरपट्टीसारखा कर, सगळं येतं. तुम्ही काकांच्या जमिनीच्या वेळी सातबारा नि फेरफार पसरून आठवडाभर बसला होतात ना, तसंच समजा, फक्त आमची पानं दीडशे आहेत.

त्यातच तो नकाशा सापडला. मागच्या कुंपणाला लागून तीन मीटरचा पट्टा तुटक रेषेने दाखवलाय, ईझमेंट म्हणतात, खालून ड्रेनेजची लाइन जाणार. जमीन आपल्या नावावर, पैसे आपण भरलेले, पण परवानगीशिवाय त्यावर काही बांधता येत नाही. आणि बाबा, तुमच्या दोघांसाठी खाली जी खोली काढायची ठरवली होती ना, आईला जिना नको म्हणून, ती बरोबर त्या पट्ट्यावर येते. ऑफिसातल्या माणसाने हे एकदाही सांगितलं नाही, आम्ही खोलीबद्दल दोनदा विचारूनसुद्धा. मला त्या रात्री झोप लागली नाही.

शिवाय त्या लॉटवर, म्हणजे प्लॉटवर, भराव टाकलाय असंही कागदात आहे. भराव असला की फाउंडेशनचा खर्च वाढू शकतो, सॉइल टेस्ट झाल्याशिवाय आकडा कळत नाही.

जमिनीचं स्वतंत्र टायटलही अजून निघालेलं नाही, आत्ता विकतायत ते कागदावरचं. डिपॉझिट १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही आणि तेही प्लॉट पाडल्याचा प्लॅन रजिस्टर होईपर्यंत वेगळ्या ट्रस्ट खात्यात राहतं, डेव्हलपरला वापरता येत नाही, हे मला फार बरं वाटलं. पण बँकेचं प्री-अप्रूव्हल, म्हणजे कर्जाची आगाऊ मंजुरी, तेवढे दिवस टिकत नाही, उद्या टायटल आलं की पगार, व्याजदर सगळं परत तपासणार. पूर्वी काही डेव्हलपर प्लॅन रजिस्टर व्हायची ठरलेली मुदत संपली की सनसेट क्लॉजवर बोट ठेवून सौदा मोडायचे आणि तीच जमीन चढ्या भावाने विकायचे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर खरेदीदाराची लेखी संमती किंवा सुप्रीम कोर्टाची ऑर्डर लागते (इथे प्रत्येक राज्याचं सुप्रीम कोर्ट वेगळं असतं).

तुमचे जावई म्हणत होते सही करून ठेवू, मोडायला तीन कामाचे दिवस मिळतातच, किमतीच्या ०.२ टक्के कापतील, किंवा १०० डॉलर, जे जास्त असेल ते. पण नोकरी सांभाळून तीन दिवसात दीडशे पानं कशी वाचायची, आणि आधी वाचता येत असताना नंतर का वाचायची? मी नाहीच म्हटलं.

घर बांधणारा बिल्डर वेगळा, त्याचं कॉन्ट्रॅक्ट वेगळं. २०२३ मध्ये इथली एक मोठी कंपनी बुडाली तेव्हा कळलं की शेकडो लोकांकडून डिपॉझिट घेतलं पण बिल्डर बुडाला तर भरपाई देणारा त्यांचा इन्शुरन्स काढलाच नव्हता, शेवटी सरकारने भरपाई दिली. म्हणून इन्शुरन्सचं सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय आपण एक डॉलर देणार नाही. कव्हेनंट म्हणजे कुंपण कसं, पुढची बाजू कशी असे नियम आहेत, ते वाचले, त्यात अडचण नाही.

आता त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या लॉटचा सेक्शन ३२ मागवलाय, तिथे ड्रेनेज पुढून जातं म्हणे, पण नकाशा स्वतः बघितल्याशिवाय मी मानणार नाही. आला की तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करते, तुम्हीही बघा.

आणि आईच्या वॉकरची रुंदी मोजून कळवा ना, हँडलसकट, खोलीच्या दाराचं माप त्यावरून ठरवायचंय.

तुमची,
ताई