मेंढरांना लस मृगाआधीच हवी

संपादक महोदय,

मृगाचा पाऊस पडला की सिन्नर, येवला, नांदगावच्या माळावर आठ-दहा दिवसांत हिरवळ येते आणि लगेच मेंढरं दगावू लागतात. 'विषारी पाला खाल्ला' म्हणून विषय संपवला जातो. खरं कारण पुष्कळदा आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याचा रोग, असतं. त्याचे जंतू निरोगी मेंढीच्या आतड्यातही असतात. उन्हाळाभर वाळल्या काडीवर काढलेल्या जनावराला एकदम कोवळा चारा पोटभर मिळाला, की हे जंतू झपाट्याने वाढून विष सोडतात. म्हणूनच खांडातली (कळपातली) सगळ्यात धष्टपुष्ट कोकरं आधी जातात. रात्री वाघुरीत (मेंढरं कोंडायच्या जाळीत) उड्या मारणारं कोकरू पहाटे मान मागे ताणून पाय झाडत पडलेलं दिसतं. तेव्हा औषधाला वेळच उरत नाही.

उपाय लसीचाच. पहिल्यांदा टोचताना १४ दिवसांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, नंतर दरवर्षी एक. म्हणजे जूनच्या पावसाआधी अंगात प्रतिकारशक्ती यायची तर सुरुवात मेच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी, गोठू देऊ नये. मेच्या उन्हात गाडीच्या डिकीतून आणलेली लस टोचून काहीच हाती लागत नाही.

लस दिली तरी पहिला आठवडा आधी थोडा कडबा खाऊ घालून मगच, तोही दोन-तीन तास, हिरव्यावर सोडावं. दव वाळल्यावर सोडलेलं बरं, कारण जंतांच्या अळ्या ओल्या पात्यावर वर चढतात. गवत दोन इंचांखाली खुरटू देऊ नये. चार-पाच दिवसांनी तुकडा बदलावा आणि त्याच तुकड्यावर पाच-सहा आठवडे परतू नये.

जंताचं औषध सरसकट पाजण्याची सवय मात्र मोडली पाहिजे. खालची पापणी ओढून पाहावी. आतला भाग लालसर असेल तर औषध नको. पांढरट दिसला किंवा जबड्याखाली पाणी उतरलं असेल, तर रक्तपित्या जंताची शंका घ्यावी आणि वजनाच्या अंदाजाने पूर्ण मात्रा द्यावी. कमी मात्रा दिली की जंत औषधाला दाद देईनासे होतात. गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये.

पशुसंवर्धन विभागाला एकच विनंती. गावात दहा वाजता शिबिर लावून भागत नाही. तोवर मेंढरं माळावर गेलेली असतात. लस घेऊन सकाळी सातच्या आत वाघुरीवर यावं, आणि चराईला बाहेर गेलेले मेंढपाळांचे वाडे (कुटुंबं आणि त्यांचे कळप) परततील तेव्हा पुन्हा एक फेरी करावी.

– एक मेंढपाळ वाचक, नांदगाव, जि. नाशिक