इरुळांची मडकीही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्यावरचा लेख दोनदा वाचला. आठव्या वर्षी अमेरिकेतून मुंबईत आलेला मुलगा, नागराजावरच्या माहितीपटाला एमी पुरस्कार, २०१८ ची पद्मश्री, सगळं आलं. पण लेखात दिसला तो टीव्हीवरचाच माणूस.

मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात ३१ वर्षं परिचारिका होते. भातकापणी लागली की फुरसं चावलेली माणसं यायची. काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, नळीला हात न लावता २० मिनिटं थांबायचं. रक्त गोठलं नाही की प्रतिविषाच्या कुप्या फोडायच्या. त्या कुप्यांतलं औषध कुठून सुरू होतं, हे मला नोकरीची निम्मी वर्षं सरल्यावर कळलं, तेही व्हिटेकर यांचा कार्यक्रम पाहताना.

वन्यजीव कायदा आला, सापाच्या कातड्यांचा धंदा बंद झाला आणि तमिळनाडूतल्या साप धरून जगणाऱ्या इरुळा आदिवासींच्या पोटावर पाय आला. व्हिटेकर त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडून साप ओळखायला शिकले होते, ते त्यांना विसरले नाहीत. १९७८ मध्ये इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली, ती व्हिटेकर यांच्या पुढाकाराने. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं धरून आणायचं, मडक्यात ठेवायचं, तीन-चार आठवड्यांत चार वेळा विष काढायचं, पोटावरचा खवला खुणेपुरता कातरायचा आणि परत रानात सोडायचं. हे विष थोडं थोडं घोड्यांना टोचतात, आणि त्यांच्या रक्तातून आपलं औषध तयार होतं.

जागा बदलली की त्याच जातीच्या सापाचं विष बदलतं, एका राज्यातल्या विषावर साऱ्या देशाचं भागणार नाही, हे व्हिटेकर कितीतरी वर्षं सांगत आहेत. मला ते लगेच पटलं. वीस कुप्या देऊनही एका बाईचं नळीतलं रक्त पाण्यासारखंच राहिलेलं मी पाहिलं आहे. रात्री दोन वाजता त्या बाईच्या नवऱ्याला काय सांगायचं, मला सुचलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतला एकोणीस वर्षांचा मुलगा कातळावर फुरसं हातात घेऊन मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. टीव्हीवर पाहिलं होतं म्हणाला. बोट वाचलं, पण वाकत नाही. त्या मुलाने मडकी पाहिली असती तर!

इरुळा मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१७ मध्ये हे दोघे फ्लोरिडात जाऊन अजगर शोधून देत होते. त्यांच्यावर एक पूर्ण पान द्या. आणि कोकणातल्या फुरशाचं विष औषध बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचतं का, हे आपल्या बातमीदाराने कापणीच्या आधी विचारावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, ता. संगमेश्वर