मंत्रीसाहेब, नव्या लॅब नंतर द्या, आधी आमच्या लॅबचं कुलूप काढा

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मी एका खेड्यातल्या हायस्कूलच्या टिंकरिंग लॅबमध्ये, म्हणजे पोरांनी हाताने वस्तू बनवून शिकायच्या खोलीत, शिकवतो, म्हणजे गेल्या गुरुवारपर्यंत शिकवत होतो. गुरुवारी गेलो तर दाराला कुलूप आणि आत पोषण आहाराच्या तांदळाची पोती. मुख्याध्यापक म्हणाले, अनुदान संपलं, तुमचं मानधन कुठून देऊ, आणि खोली तरी रिकामी कशाला ठेवू. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्याकडे पोती ठेवायला दुसरी जागाच नाहीये.

राग योजना आखणाऱ्यांवर आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला 20 लाख मिळतात, 10 लाख सामानाला आणि 10 लाख पाच वर्षं चालवायला. सहाव्या वर्षी काय करायचं? थ्रीडी प्रिंटरची फिलामेंट, म्हणजे त्यात घालायची प्लास्टिकची तार, संपते, सेन्सर जळतात, आणि संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या पदांच्या यादीत, या लॅबसाठी शिक्षकाचं पदच नाही. आता 2025 च्या बजेटमध्ये आणखी 50 हजार लॅब जाहीर केल्यात. तिथे शिकवणार कोण? योजना केंद्राची आहे असं सांगू नका, शाळा तुमच्या आहेत, संचमान्यता तुमची आहे.

आमच्या नववीतल्या एका मुलीच्या गावात नळाला पाणी रात्री दोन-तीनला येतं आणि तिची आई टाकी भरेपर्यंत जागी बसते. पोरीने टाकी भरल्यावर वाजणारा अलार्म करायला घेतला. बीसी 547 ट्रान्झिस्टर म्हणजे तीन पायांचा इवलासा स्विच, 9 व्होल्टची बॅटरी, बझर आणि पाण्यात सोडायच्या दोन वायरी, बस एवढंच. पहिल्यांदा वाजलाच नाही. मी काही बोललो नाही. तिने ट्रान्झिस्टरची सपाट बाजू बघितली, पाय उलटे लागलेत हे तिचं तिलाच कळलं, सोल्डर वितळवून तो काढला, परत लावला, बोट पोळलं तरी सोडलं नाही, आणि ग्लासातल्या पाण्यात वायरी बुडवल्याबरोबर जो आवाज आला ना साहेब, शेजारच्या वर्गातली पोरं धावत आली. सहा वर्षांत मी हे शिकवलं. जानेवारीत तुमच्या खात्यातले एक अधिकारी आले, तिच्याबरोबर फोटो काढला, जिओ टॅग करून अपलोड केला आणि मला म्हणाले, मानधनाचं मार्चपर्यंत करतो. मार्च गेला, जून गेला, अजून एक रुपया नाही.

सात महिने झाले मी बिनपगारी आहे. रोज जाऊन-येऊन 34 किलोमीटर, पेट्रोल माझं, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेले रेझिस्टर, एलईडी, सोल्डर वायर सगळं माझ्या खिशातून, मुलीची फी थकली, बायकोशी रोज वाद. माझ्याबरोबर डिप्लोमा केलेले चाकणला कंपनीत लागले, मी म्हटलं पोरांना शिकवू. चूक केली का? घरचे तर रोज हेच विचारतात.

आणि एवढं करून पालक म्हणतात, यात मार्क किती? त्यांचं तरी काय चुकतं? आठवीपासून फाउंडेशन बॅच, लाखाची फी, मग जेईई, मग सीईटी, मग इंजिनिअरिंग, आणि तोवर पोराने स्क्रू ड्रायव्हर धरलेला नसतो. मी स्वतः दहावीला ओहमचा नियम पाठ लिहिला आणि मल्टिमीटर बघितला तो डिप्लोमाला गेल्यावर. आपल्याच राज्यात पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला, शाळेतल्या पोरांना वेल्डिंग, वायरिंग, शेती हाताने करून शिकवायला. चाळीस वर्षं झाली, डोळ्यासमोर आहे, तरी प्रत्येक सरकार नवीन नावाने नवीन योजना आणतं आणि शिकवणारा माणूस कंत्राटावर ठेवतं, तेही उधारीच्या कंत्राटावर! सामानाचं टेंडर निघतं साहेब, माणसाचं पद निघत नाही, कारण सामानाचं उद्घाटन करता येतं.

माझं मागणं फार नाही. जिथे लॅब आहे तिथे एक पद संचमान्यतेत घ्या, वर्षाला 50 हजार किरकोळ सामानाला द्या, नववीच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तासिका सक्तीच्या करा. माझं थकलेलं मानधन द्या, तो माझा हक्क आहे.

आणि हे सगळं होईपर्यंत निदान पोती हलवा. त्या मुलीचा अलार्म अजून आतच आहे, खिडकीजवळच्या टेबलावर. घरी टाकीला बसवायचा राहिलाय.

आपला,
एक कंत्राटी निदेशक