क्रिस्तोफ ग्रेनिए यांना अनावृत पत्र: उडालेले फोटो परत आणल्याबद्दल

श्री. क्रिस्तोफ ग्रेनिए यांस,

सप्रेम नमस्कार.

उडालेल्या फाईली परत आणणाऱ्या, आपण लिहिलेल्या टेस्टडिस्क आणि फोटोरेक या दोन सॉफ्टवेअरचे आभार मानण्यासाठी आम्ही, संगणक आणि मोबाईल दुरुस्ती करणारी माणसं, हे पत्र लिहीत आहोत. लग्नाचं शूटिंग असलेलं मेमरी कार्ड चुकून फॉरमॅट होतं. लहान मूल फोनशी खेळता खेळता कार्डावरचं अख्खं फोल्डर उडवतं. पेन ड्राइव्ह लावला की विंडोज ‘आधी फॉरमॅट करा’ असा हट्ट धरतं. अशा वेळी काऊंटरवर आलेला माणूस रडकुंडीला आलेला असतो, आणि त्याला ‘बघू, बहुतेक मिळतील’ असं सांगता येतं ते आपल्या कामामुळे. पत्र मराठीत आहे, कारण पुढच्या वेळी कार्ड हातात घेऊन येणाऱ्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

पहिले आभार या गोष्टीचे, की फोटोरेक कार्ड फक्त वाचतं, त्यावर काही लिहीत नाही. ही बाब किती मोलाची आहे ते आतलं काम समजलं की कळतं. फोटो डिलीट केला की कार्डावरचा फोटो पुसला जात नाही. ही जागा आता मोकळी आहे, एवढीच नोंद होते. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून जमीन हलत नाही, तसंच हे. क्विक फॉरमॅटमध्येही फाईलींची यादी नव्याने कोरी होते, खालचा मजकूर बहुतांशी तसाच राहतो. खरा घात होतो तो त्या जागेवर नवं काही लिहिलं की. म्हणूनच घाबरून त्याच फोनमध्ये चार-पाच रिकव्हरी ॲप टाकणारे लोक स्वतःच्याच फोटोंवर पाणी सोडतात.

फोटो गेले हे लक्षात आलं की कार्ड लगेच बाहेर काढावं. मोठ्या (एसडी) कार्डाच्या डाव्या कडेला लॉकची बारीक पट्टी असते, ती खाली सरकवावी. मायक्रो कार्ड असेल तर ते ॲडॉप्टरमध्ये घालून ॲडॉप्टरची पट्टी सरकवावी. मग कार्ड रीडरमध्ये लावावं. कॅमेरा किंवा फोन केबलने जोडून भागत नाही, कारण तसा जोडलेला फोन फोटोरेकला डिस्क म्हणून दिसतच नाही. आणि विंडोजने फॉरमॅटचं विचारलं तर ‘कॅन्सल’. इथे घाईत ‘हो’ दाबणारे रोज भेटतात.

काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना आपली माणसं बिचकतात, म्हणून क्यूफोटोरेक ही खिडकीवाली आवृत्ती दिलीत त्याचेही आभार. डाउनलोड केलेली झिप फाईल उघडायची, क्यूफोटोरेकवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडायचं. इन्स्टॉल काहीच करावं लागत नाही. वरच्या यादीतून कार्ड निवडताना आकार बघावा. ६४ जीबीचं कार्ड तिथे ५९ जीआयबी असं दिसतं, ते पाच जीबी हरवलेले नसतात, मोजायची रीत वेगळी आहे. खाली पार्टिशन (कार्डाचा विभाग), मग कार्डासाठी फॅट-एनटीएफएसवाला पर्याय; फॅट, एनटीएफएस या फाईली मांडून ठेवायच्या पद्धती. त्यानंतर ‘फ्री’ (फक्त मोकळी जागा) की ‘होल’ (अख्खं कार्ड) हा प्रश्न येतो. नुसतं डिलीट झालं असेल तर फ्री, कार्ड करप्ट झालं असेल तर होल. शंका असेल तेव्हा आम्ही होलच घेतो. फाईली जास्त निघतात, पण सुटत नाहीत.

‘फाईल फॉरमॅट्स’च्या बटणाकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. सॉफ्टवेअर ४८० हून अधिक प्रकारची एक्स्टेन्शन (फाईलच्या नावाची शेपटी) ओळखतं, त्यामुळे सगळं चालू ठेवलं तर फोटोंमध्ये नको त्या फाईलींचा ढीग मिसळतो. फक्त हवं तेवढं चालू ठेवावं. इथेच फोटोग्राफर मंडळी अडतात. निकॉनचं एनईएफ किंवा कॅननचं सीआर२ त्या यादीत वेगळं सापडत नाही, आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याचे कच्चे फोटो, मिळणार नाहीत असं वाटून ते हाय खातात. हे दोन्ही प्रकार टिफच्या नोंदीत येतात. एमपी४ व्हिडिओ तसाच ‘एमओव्ही’च्या नोंदीत. यादीत जेपीजी, टिफ आणि एमओव्ही एवढी तीन चालू ठेवली की लग्नाचं बहुतेक कार्ड भागतं.

शेवटी सापडलेल्या फाईली कुठे ठेवायच्या ते विचारलं जातं. त्याच कार्डावर कधीही नाही. संगणकाच्या डिस्कवर कार्डाइतकी तरी मोकळी जागा असलेलं फोल्डर द्यावं. वेळेचा हिशोब सोपा आहे: सेकंदाला ३० एमबी वाचणाऱ्या रीडरवर ६४ जीबीला निदान ३५ मिनिटं लागतात, आणि कार्ड कुरकुर करत असेल तर कितीही. मधेच वीज गेली तरी काळ्या पडद्याचं फोटोरेक जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू करता येतं. भारनियमन सोसलेल्या गावांना या सोयीची किंमत विचारा.

यादी कोरी झालेली असताना फोटो सापडतो कसा, हे ग्राहकाला समजावून सांगणं आम्हाला मनापासून आवडतं. प्रत्येक जेपीजी फाईल एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटनी सुरू होते. फोटोरेक कार्ड ब्लॉकमागून ब्लॉक वाचत जातं, अशी खूण दिसली की तिथून फाईल उचलतं आणि ‘रिकप डिर’ नावाच्या क्रमांकवार फोल्डरांत ठेवतं. यादी नसल्यामुळे जुनी नावं येत नाहीत. एफ आणि पुढे लांबलचक आकडा असं नाव मिळतं, तो आकडा म्हणजे फोटो कार्डावर ज्या सेक्टरला (कप्प्याला) होता त्याचा क्रमांक. टी अक्षराने सुरू होणाऱ्या छोट्या फाईली म्हणजे फोटोंच्या आत दडलेली थंबनेल, म्हणजे चिमुकली चित्रं. त्या बाजूला काढून टाकाव्यात. फोटो काढल्याची तारीख बहुधा फाईलच्या आतच शाबूत असते, म्हणून एक्सप्लोररमध्ये ‘डेट टेकन’चा रकाना लावला की हळद, लग्न, वरात आपोआप ओळीने लागतात.

नावं आणि फोल्डर हवेच असतील तर टेस्टडिस्क आधी चालवावं. नुसत्या डिलीटवर ते उत्तम चालतं. डिस्क निवडायची, मग ‘इंटेल’ हा पर्याय, मग ‘ॲडव्हान्स्ड’, पार्टिशन, ‘अनडिलीट’. हव्या त्या फाईलींवर कोलन दाबून खूण करायची आणि कॅपिटल सी दाबून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायच्या. फॅट३२ किंवा एनटीएफएसचा बूट सेक्टर (ड्राइव्हची मांडणी सांगणारा पहिला कप्पा) बिघडून ड्राइव्ह विंडोजला ‘रॉ’, म्हणजे न ओळखता येणारा, दिसत असेल, तर ‘बूट’मधल्या ‘बॅकअप बीएस’ने राखीव प्रत मूळ जागी बसते. ही पायरी मात्र डिस्कवर लिहिते, म्हणून आधी ‘इमेज क्रिएशन’ने पूर्ण प्रत काढून घ्यावी. मरणपंथाला लागलेल्या कार्डाचीही अशीच एकदा इमेज काढावी आणि पुढचं सगळं काम इमेजवर करावं. खराब कार्ड पुनःपुन्हा वाचायला लावलं की उरलेला जीवही जातो.

आपण कुठेच भलतं आश्वासन दिलं नाही, हे आम्हाला विशेष भावतं. फाईलचे तुकडे कार्डावर दूरदूर पडलेले असतील तर ती अर्धवट निघते. मोठ्या व्हिडिओंचं हेच होतं. एसएसडी डिस्कवर डिलीट झालेलं ट्रिममुळे, म्हणजे मोकळी जागा आपोआप साफ करणाऱ्या सोयीमुळे, बहुधा जातंच. फोनच्या अंतर्गत मेमरीतून तर या मार्गाने काही मिळत नाही: अँड्रॉइड १० पासूनच्या नव्या फोनमध्ये प्रत्येक फाईल कूटबद्ध असते, आणि तिची किल्ली फोनमध्येच असते. ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट केलेलं कार्डही असंच कुलूपबंद. अशा ग्राहकाला आम्ही आधी कचरापेटी उघडायला सांगतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो ६० दिवस पडून असतो, बॅकअप नसलेला ३० दिवस.

बाजारातली पुष्कळ सॉफ्टवेअर स्कॅन फुकट करतात, गेलेले फोटो डोळ्यांसमोर नाचवतात आणि ‘सेव्ह’ दाबलं की पैसे मागतात. आपलं फुकट आहे, आणि आपण कोडही खुला ठेवलात. ज्याला फाईलचा नवा प्रकार शोधायचा आहे, त्याला स्वतःची खूण साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून जोडता येते. आमच्या धंद्यातल्यांनीही हे मनावर घ्यावं: ग्राहकाकडून पैसे वेळेचे आणि जोखमीचे घ्यावेत, सॉफ्टवेअर फुकट आहे हे त्याला उघड सांगावं, आणि काम संपलं की त्याचे फोटो आपल्या संगणकावरून पुसावेत.

आपले कृतज्ञ,
दुरुस्तीच्या टेबलावरची मंडळी

ता. क. वाचकांसाठी: जुनं कार्ड किंवा पेन ड्राइव्ह विकण्याआधी विंडोजच्या फॉरमॅट खिडकीतली ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून एकदा पूर्ण फॉरमॅट करा. वेळ लागेल, पण तेव्हाच जागा शून्यांनी भरली जाते. नुसतं डिलीट करून दिलेल्या कार्डातून तुमचे घरचे फोटो परत काढायला नव्या मालकालाही हेच फोटोरेक मिळतं.